चरबीची लावणी

आपल्या भाषेने चरबीला कधी बरे म्हटलेले नाही. 'अंगात चरबी चढली' म्हणजे माणूस माजला, आणि 'चरबी उतरवतो' म्हणजे त्याला चोप देतो. खाटकाकडे गेलेला माणूस चरबी कमी घालायला सांगतो. रक्ताचा रिपोर्ट हातात घेतलेले डॉक्टरही तेच सांगतात. भल्या पहाटे पायात कॅनव्हासचे बूट घालून मैदानाला फेऱ्या मारणाऱ्या तमाम मंडळींचा शत्रू एकच. अशी ही बदनाम वस्तू प्लास्टिक सर्जनच्या टेबलावर येते तेव्हा मात्र तिची अशी काही बडदास्त ठेवली जाते की पाहणाऱ्याने थक्क व्हावे. तिला जोराने ओढायचे नाही, वारा लागू द्यायचा नाही, फार वेळ ताटकळत ठेवायचे नाही, आणि नव्या जागी नेऊन बसवायचे तेही चिमूट-चिमूट.

पोटाची चरबी ओढून काढण्याची शस्त्रक्रिया आता बहुतेकांना ऐकून माहीत झाली आहे. तिथे निघालेली चरबी टाकून देतात. इथे उलटा प्रकार आहे. चरबी काढायची ती त्याच माणसाच्या शरीरात दुसरीकडे लावण्यासाठी. पोटावर नको झालेली गालावर हवी असते. ऐकणाऱ्याला वाटते, इकडून काढायची, तिकडे भरायची, यात विद्या ती काय? विद्या आहे ती या दोहोंच्या मधल्या तासा-दीड तासात. काढलेल्या चरबीचे त्या वेळात काय केले, यावर वर्षभराने आरशात काय दिसणार हे बरेचसे ठरते.

हा केवळ हौशी लोकांच्या नटण्या-मुरडण्याचा विषय असता तर त्यावर रविवारची सकाळ घालवायचे कारण नव्हते. पण या शस्त्रक्रियेची वाट पाहणाऱ्यांत वेगळी माणसे असतात. रॉम्बर्गचा आजार म्हणून एक दुर्मीळ विकार आहे. बहुतेक वेळा तो लहानपणी किंवा विशीच्या आत सुरू होतो. चेहऱ्याची एकच बाजू हळूहळू वाळत जाते. आधी कातडीखालची चरबी, मग कधी स्नायू, कधी हाडदेखील. काही वर्षांनी विकार आपोआप थांबतो, पण तोवर चेहऱ्याच्या दोन बाजू दोन वेगळ्या माणसांच्या वाटू लागलेल्या असतात. शाळकरी मुलीला हे घेऊन वर्गात बसायचे असते. स्तनाच्या कर्करोगात गाठ काढून किरणांचे उपचार घेतलेल्या स्त्रीला ब्लाऊज शिवून घेताना रोज तोच खळगा आठवतो. स्टोव्हच्या भडक्यात भाजलेल्यांची कातडी हाडाला चिकटून बसते आणि हसताना, मान वळवताना ओढते. आणि एक मोठा गट एच.आय.व्ही. बाधितांचा. आपल्याकडे २००४ साली सरकारी मोफत उपचार सुरू झाले, तेव्हा त्यांत स्टॅव्ह्युडिन नावाचे स्वस्त औषध सर्रास वापरले जात होते. त्याने असंख्य जीव वाचवले, पण कित्येकांच्या गालांतली चरबी वितळवून टाकली. पुढे २००९ साली जागतिक आरोग्य संघटनेने हे औषध बंद करत जाण्याचा सल्ला दिला. तोवर ज्यांचे गाल बसायचे ते बसले होते. ज्याने आजार घरातल्या घरात ठेवला, त्याच्या गालांनी तो चारचौघांत सांगायला सुरुवात केली. अशा माणसाला दोन गालांत मिळून वीस-पंचवीस मिलिलिटर चरबी म्हणजे काय, हे त्यालाच विचारावे.

आता ही चरबी म्हणजे नेमके काय? तुपाच्या भांड्यासारखे काहीतरी डोळ्यांपुढे येते, ते चूक आहे. चरबी हा जिवंत ऊतींचा भाग आहे. तिची एक पेशी साधारणपणे एका मिलिमीटरचा दहावा भाग एवढी असते, आणि तिच्या आत जवळजवळ सगळी जागा तेलाच्या एकाच थेंबाने व्यापलेली असते. पेशीचे बाकीचे सामान कडेला, एका पातळ पापुद्र्यात दाटीवाटीने राहते. म्हणजे पाणी भरलेल्या फुग्यासारखीच गत. दाबला की फुटला. फुटली की आतले तेल बाहेर, आणि ते तेल भोवतालच्या जिवंत पेशींना त्रासच देते. या फुग्यांच्या अधूनमधून बारीक रक्तवाहिन्यांचे जाळे असते, आणि त्या वाहिन्यांना बिलगून काही लहानशा पेशी बसलेल्या असतात. त्या दिसायला सामान्य, पण पुढे कथेत त्यांनाच मोठे काम आहे.

शरीराचा एक तुकडा दुसरीकडे लावायचा तर त्याला रक्त कोण देणार, हा प्लास्टिक सर्जरीचा आद्य प्रश्न. या प्रश्नाशी पुण्याचे जुने नाते आहे. टिपूशी झालेल्या लढाईत इंग्रजांच्या फौजेबरोबर असलेल्या कावसजी नावाच्या बैलवाल्याचे नाक कापले गेले. पुण्याजवळच्या एका वीटकाम करणाऱ्या जातीतल्या माणसाने कपाळाची कातडी वळवून त्याला नवे नाक करून दिले. लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'ने ऑक्टोबर १७९४ मध्ये ही हकीकत चित्रासह छापली. ती वाचून युरोपातले शल्यविशारद जागे झाले आणि १८१४ साली जोसेफ कार्प्यू यांनी लंडनमध्ये तशी शस्त्रक्रिया केली. सुश्रुताचे नाव आपण अभिमानाने घेतो, पण त्या नाव न राहिलेल्या पुणेरी कारागिराची खरी अक्कल एका बारीक गोष्टीत होती. कपाळाची कातडी त्याने पूर्ण तोडली नाही. भुवयांच्या मधोमध तिचा देठ राखला. त्या देठातून रक्त येत राहिले, आणि नव्या जागी कातडी रुजल्यावर मगच तो कापला गेला. चरबीच्या बाबतीत हा देठ नसतो. ती एकदा काढली की पोरकी.

पहिला प्रयत्न १८९३ सालचा. जर्मनीतल्या कील शहरी गुस्ताव्ह न्यूबर यांनी एका रुग्णाच्या दंडातली चरबी काढून डोळ्याखालच्या खोल गेलेल्या व्रणाखाली ठेवली. हाडाच्या आजारामुळे तिथे खड्डा पडला होता. न्यूबरनी तेव्हाच एक मार्मिक निरीक्षण नोंदवले होते. तुकडे घेवड्याच्या बी किंवा बदामाएवढे असले तर बरे, त्याहून मोठे टिकत नाहीत. दोनच वर्षांनी हायडेलबर्गच्या व्हिन्सेंझ चेर्नी यांनी एका गायिकेच्या स्तनातला रोगट भाग काढल्यावर तिच्याच पाठीवरची चरबीची निरुपद्रवी गाठ उचलून तिथे बसवली. ओयगेन होलांडर यांनी पुढे सुईने चरबी टोचायला सुरुवात केली. माणसाची चरबी त्यांना पातळ वाटली, म्हणून तिच्यात मेंढ्याची चरबी मिसळली! हे वाचून आज अंगावर काटा येतो. अमेरिकेतल्या लिंडन पिअर यांनी १९५० साली तराजू हाती घेतला. लावलेली चरबी वर्षभराने काढून तोलली, तर जवळजवळ निम्मे वजन गेलेले. न्यूबरचा बदाम मात्र मधल्या काळात बहुतेक जण विसरून गेले होते.

निम्मी चरबी नाहीशी होणार असेल तर तिचा देठच जोडून द्यावा, हा दुसरा मार्ग. आणि त्याचा एक पहिला टप्पा आपल्या मुंबईत पार पडला. जे.जे. रुग्णालयात डॉ. नोशीर अंतिया यांनी उभा केलेला प्लास्टिक सर्जरीचा विभाग कुष्ठरुग्णांचे वाकडे हात आणि बसलेली नाके सुधारण्यासाठी प्रसिद्ध होता. अंतिया आणि त्यांचे सहकारी डॉ. बुच यांनी १९७१ साली ब्रिटिश नियतकालिकात एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. पोटावरचा कातडी-चरबीचा तुकडा त्याच्या रक्तवाहिन्यांसह उचलून, त्या वाहिन्या नव्या जागच्या वाहिन्यांना थेट शिवून त्यांनी तो जगवला होता. या प्रकारच्या शस्त्रक्रियांच्या जगाच्या इतिहासात या निबंधाचा उल्लेख आजही अगदी आरंभीच्या पानांवर असतो, हे आपल्याकडे फारसे कुणाला ठाऊक नाही. मोठा खड्डा भरायचा असेल तर हाच मार्ग खात्रीचा. पण त्यात तासन्‌तास जातात, मोठा व्रण राहतो, आणि गालावरच्या लहान खळगीसाठी एवढा घाट कोण घालणार?

म्हणून सुईकडे परत यावे लागले. पॅरिसच्या इव्ह-जेरार इलूझ यांनी १९७७ च्या सुमारास बोथट नळीने चरबी ओढून काढण्याचे तंत्र बसवले, आणि अचानक सर्जनांपुढे बाटल्या भरभरून चरबी दिसू लागली. ती परत टोचून पाहण्याचा मोह साहजिक होता. ऐंशीच्या दशकात तसे पुष्कळांनी केले आणि पुष्कळांची निराशा झाली. गाल भरायचे, सहा महिन्यांत पुन्हा बसायचे. 'चरबी टिकत नाही' असा शेरा मारून अनेकांनी नाद सोडला. न्यूयॉर्कच्या सिडनी कोलमन यांनी सोडला नाही. त्यांचे म्हणणे साधे होते. चरबी टिकत नाही असे नाही. आपण तिला वाटेत मारतो आणि मेलेली चरबी लावतो. नव्वदच्या दशकात त्यांनी काढणे, निवडणे आणि लावणे या तिन्ही पायऱ्या नव्याने घालून दिल्या. आज जगभर जे चालते ते थोड्याफार फरकाने त्याच वाटेवरून.

कोकणात किंवा मावळात ज्यांनी भाताची लावणी पाहिली आहे त्यांना ही वाट समजावून सांगायला फार वेळ लागणार नाही. तरव्यातली रोपे हिसकून काढली तर मुळे तुटतात. रोपे बांधावर उन्हात पडून राहिली तर माना टाकतात. आणि दोन-तीन रोपांचा एक चूड, असे अंतर राखून लावायच्याऐवजी सगळी मूठच एका जागी खोचली तर मधली रोपे कुजतात. चरबीचे शास्त्र याहून फारसे निराळे नाही.

आधी उपटणी. पोट, मांडी, कंबरेची बाजू, गुडघ्याची आतली बाजू, जिथे माणसाजवळ शिल्लक असेल तिथून चरबी घेतात. अमुक जागेची चरबी हमखास जास्त टिकते असे सिद्ध झालेले नाही. एड्सच्या औषधांनी वाळलेल्या माणसाजवळ मात्र शिल्लकच बेताची असते. तिथे सर्जन मानेमागचा, पोटाचा कोपरा न्‌ कोपरा चाचपडून पाहतो. कातडीखाली आधी मिठाचे पाणी सोडतात. त्यात बधिर करणारे औषध आणि रक्तवाहिन्या आकसवणारे ॲड्रेनलिन असते. थोडा वेळ थांबले की तो भाग फिकट पडतो आणि रक्तस्राव फारच कमी होतो. मग दोन-तीन मिलिमीटरच्या छेदातून बोथट टोकाची पोकळ नळी आत जाते. पोट उतरवण्यासाठी यंत्राने चरबी ओढतात तेव्हा ओढ जबरदस्त असते. पुन्हा लावायची चरबी असेल तर पुष्कळ सर्जन दहा मिलिलिटरची साधी सिरिंज हातात धरून दट्ट्या जेमतेम मागे ओढतात. फुगे फुटू द्यायचे नाहीत, एवढाच त्यातला मुद्दा.

सिरिंजमध्ये येते ते पाहून नवख्याची निराशाच होईल. पिवळट, लालसर, पाणीदार असा तो काला असतो. त्यात जिवंत चरबी आहे, फुटलेल्या पेशींचे तेल आहे, रक्त आहे, आणि आधी सोडलेले खारे पाणी व बधिरतेचे औषध आहे. हे सगळे तसेच गालात भरले तर दोन तोटे. रक्त आणि तेल यांमुळे आत दाह होतो, आणि ज्या पेशी जगल्या असत्या त्याही जातात. दुसरा तोटा हिशोबाचा. दहा मिलिलिटर लावली असे सर्जन लिहून ठेवतो, आणि त्यातले चार मिलिलिटर पाणीच असते. आठवड्याभरात पाणी शरीरात जिरते. गाल बसला की दोष चरबीवर येतो.

म्हणून निवडणे. कोलमन यांच्या रीतीत सिरिंजची दोन्ही तोंडे बंद करून ती सेंट्रिफ्यूजमध्ये, म्हणजे गरगर फिरवणाऱ्या यंत्रात ठेवतात. मिनिटाला ३००० फेरे, तीन मिनिटे. बाहेर काढल्यावर सिरिंजमध्ये तीन थर स्वच्छ दिसतात. वर तेल, रश्श्यावर तर्री यावी तसे. तळाशी रक्तमिश्रित पाणी. आणि मधे दाट, पिवळी, कामाची चरबी. खालचे पाणी टोपण काढून सोडून देतात. वरचे तेल ओततात आणि जे चिकटून राहते ते शोषक कापडाच्या वातीने टिपून घेतात. आमटीवरचा तवंग पोळीच्या तुकड्याने टिपणाऱ्या गृहिणीला यात नवे काही वाटणार नाही. मधल्या थरातही तळाकडची चरबी अधिक घट्ट आणि जिवंत पेशींनी समृद्ध असते, म्हणून जिथे नाजूक काम असते तिथे ती आधी वापरतात.

यात एक मेख आहे. ३००० फेरे हा आकडा सगळ्यांनी पाठ केला, पण यंत्राची तबकडी लहान की मोठी यावर पेशींवर पडणारा जोर बदलतो. एका यंत्रात जे सौम्य ते दुसऱ्यात जीवघेणे. फार जोराने फिरवले तर पाणी छान निघते आणि पेशीही छान मरतात.

सगळेच सर्जन यंत्र वापरतात असे नाही. कुणी सिरिंज नुसती उभी करून ठेवतो आणि पाणी आपोआप खाली बसू देतो. यात पेशींना धक्का नाही, पण पाणी बरेच शिल्लक राहते. कुणी बारीक जाळीच्या चाळणीत घेऊन खाऱ्या पाण्याने धुतो. त्याने बधिरतेचे औषध निघून जाते, आणि हे औषध अंगावर असेतो चरबीच्या पेशी नीट काम करत नाहीत असे प्रयोगशाळेत दिसलेले आहे. कुणी न चिकटणाऱ्या पट्टीवर चरबी पसरून हलकेच लाटतो. पाणी, तेल पट्टीत जाते आणि वर चरबी उरते. मात्र ती उघड्या हवेत फार वेळ राहिली तर सुकते. बंद पिशवीत चाळणी आणि धुणे दोन्ही होईल अशी महागडी साधनेही बाजारात आहेत. कोणती रीत श्रेष्ठ यावर परिषदांमध्ये हिरिरीने भांडणे होतात. आजवरच्या अभ्यासांचे एकत्रित परीक्षण करणाऱ्यांना मात्र एकही रीत निर्विवाद पुढे आढळलेली नाही. पुरणात गूळ की साखर, या जातीचा हा वाद आहे. हात चांगला असेल तर दोन्ही पोळ्या खपतात. मला स्वतःला यंत्राच्या किमतीपेक्षा चरबी किती वेळ उघडी पडून राहिली हा प्रश्न अधिक महत्त्वाचा वाटतो.

आता लावणी. समजा दहा मिलिलिटर स्वच्छ चरबी हातात आहे. ती एका जागी सोडली तर तिचा गोळा होईल, साधारण पावणेतीन सेंटिमीटर व्यासाचा, म्हणजे लहानशा लिंबाएवढा. नव्या रक्तवाहिन्या आत शिरायला काही दिवस लागतात. तोवर पेशींना जगायचे ते भोवतालच्या ऊतींमधून झिरपणाऱ्या प्राणवायूवर. हा झिरपा फार तर एक-दोन मिलिमीटर आत पोचतो. ढोबळ हिशोब केला तरी लिंबाच्या आतला साठ टक्क्यांहून अधिक भाग उपाशी राहतो. आता तीच दहा मिलिलिटर चरबी दोन मिलिमीटर जाडीच्या शेवेसारखी पाडली तर? शेव तीन मीटरहून लांब होईल, तिचा पृष्ठभाग लिंबाच्या जवळजवळ नऊपट असेल, आणि कुठलाही कण काठापासून एक मिलिमीटरपेक्षा दूर असणार नाही. चरबी तेवढीच, फक्त मांडणी बदलली. न्यूबरच्या बदामाचे रहस्य हेच होते.

म्हणून सर्जन आता मोठी सिरिंज ठेवून एक मिलिलिटरची घेतो. बोथट नळी कातडीखाली पुढे सरकवतो आणि मागे घेताना मागे राहिलेल्या बोगद्यात चरबीची बारीक रेघ सोडतो. एका फेरीत मिलिलिटरचा दहावा भाग, पापणीजवळ त्याहूनही कितीतरी कमी. पुन्हा नळी आत, थोडी वेगळ्या कोनातून, थोड्या वेगळ्या खोलीवर. एका गालासाठी शंभरावर फेऱ्या सहज होतात. काम कंटाळवाणे आहे, आणि घाई झाली की शेवेचा पुन्हा लिंबू होतो.

आत पुढे काय होते, याबद्दलची समजूत गेल्या काही वर्षांत बरीच बदलली. जे लावले ते जसेच्या तसे जगते किंवा मरते असे पूर्वी धरून चालत. टोकियोच्या कोतारो योशिमुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ च्या सुमारास प्राण्यांवर प्रयोग करून दाखवले की लावलेल्या चरबीतल्या बहुतेक मोठ्या पेशी पहिल्या एक-दोन दिवसांतच मरतात. अगदी काठावरच्या, मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शाहून कमी जाडीच्या पट्ट्यातल्या तेवढ्या तग धरतात. त्याच्या आतल्या पट्ट्यात मोठ्या पेशी जातात, पण रक्तवाहिन्यांना बिलगून बसलेल्या त्या लहान पेशी कमी प्राणवायूवरही जगतात आणि पुढच्या काही आठवड्यांत नवी चरबी घडवतात. सर्वांत आतल्या गाभ्यात दोघीही मरतात. तिथे तेलाची पोकळी किंवा कठीण गाठ उरते. या लहान पेशी म्हणजे चरबीतल्या मूळपेशी. ओढून काढलेल्या चरबीत त्या असतात हे पॅट्रिशिया झुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली दाखवून दिले होते. म्हणजे पोटावरच्या ज्या ऐवजाला आपण कचरा समजत होतो तो बियाणे निघाला.

त्याचा एक अनपेक्षित फायदा दिसला. इटलीत वेरोनाच्या जीनो रिगोत्ती यांनी २००७ साली किरणोपचारांनी करपलेल्या छातीच्या कातडीखाली चरबी सोडल्याचे अनुभव प्रसिद्ध केले. न भरणाऱ्या जखमा भरल्या, चामड्यासारखी झालेली कातडी मऊ पडली. भाजल्याच्या जुन्या व्रणांबद्दलही अनेक सर्जन असेच सांगतात, पण काटेकोर चाचण्या अजून थोड्या आहेत आणि त्यांचे निष्कर्ष एकमुखी नाहीत.

स्तनाच्या बाबतीत मोठा काळ संशयात गेला. अमेरिकेतल्या प्लास्टिक सर्जनांच्या संघटनेने १९८७ साली स्तनात चरबी टोचण्याला ठाम विरोध केला. मेलेल्या चरबीत चुन्याचे कण साचतात आणि मॅमोग्राफीच्या चित्रात ते कर्करोगाचे भासू शकतील, ही भीती. दोन दशके हा दरवाजा जवळजवळ बंद होता. क्ष-किरणतज्ज्ञांना या दोन प्रकारच्या कणांतला फरक बहुतेक वेळा ओळखता येतो हे हळूहळू स्पष्ट झाले आणि २००९ साली त्याच संघटनेच्या अभ्यासगटाने सावधपणे का होईना, दार उघडले. कर्करोग परत उलटेल का, या अधिक गंभीर शंकेवर टेक्सासच्या एम. डी. अँडरसन केंद्रातल्या २०१६ च्या तुलनात्मक अभ्यासात एकूण रुग्णांमध्ये धोका वाढलेला आढळला नाही. तरीही अशी शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रीने पुढच्या प्रत्येक मॅमोग्राफीच्या वेळी ती आधी सांगितलीच पाहिजे. सांगायची लाज वाटते म्हणून गप्प बसणाऱ्या पुष्कळ असतात, आणि मग नसत्या सुईच्या तपासण्या मागे लागतात.

आपलीच चरबी, तिच्यापासून कसला धोका, असे म्हणून मात्र चालणार नाही. भुवयांच्या मधे टोचताना चरबी रक्तवाहिनीत शिरली तर दृष्टी जाऊ शकते. बोथट नळी आणि हलका दाब यांचे महत्त्व तिथे कळते. नितंब भरण्याच्या फॅशनने तर जीव घेतले. नितंबाच्या स्नायूंखालच्या मोठ्या शिरांना इजा होऊन चरबी थेट फुप्फुसात गेली. मृत्यूचे प्रमाण तीन हजारांत एक इतके असू शकते, असा इशारा देत २०१८ साली अनेक देशांच्या सर्जन-संघटनांनी संयुक्तपणे बजावले की चरबी स्नायूत टोचू नका, कातडीखालीच ठेवा.

दुसरा धोका पाकिटाला. 'मूळपेशी' हा शब्द हाती लागल्यापासून जाहिरातवाल्यांना सुगीचे दिवस आले आहेत. चरबीतून मूळपेशी वेगळ्या काढून गुडघेदुखीपासून टकलापर्यंत सगळे बरे करण्याची आमिषे दाखवली जातात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांनी २०१७ साली घालून दिलेली मार्गदर्शक तत्त्वे स्पष्ट आहेत. रक्ताच्या व तत्सम काही ठरावीक विकारांखेरीज मूळपेशींचा उपचार फक्त रीतसर मान्यता घेतलेल्या चाचणीतच करता येतो. निवडून, धुऊन चरबी लावणे वेगळे आणि तिच्यातून पेशी सोडवून त्या 'औषध' म्हणून विकणे वेगळे. चाचणीत भाग घेणाऱ्याकडून त्या उपचाराचे पैसे मागितले जात असतील तर तिथेच उठावे.

शस्त्रक्रियेला जाणाऱ्याने सर्जनला दोन गोष्टी मोकळेपणी विचाराव्यात. किती टिकेल, आणि किती वेळा यावे लागेल. 'शंभर टक्के, एकदाच' असे उत्तर मिळाले तर दुसरा सर्जन पाहावा. कुणाच्या चेहऱ्यावर सत्तर टक्के टिकते, कुणाच्या तीस, आणि कुणाची किती हे आधी सांगता येत नाही. पहिल्या आठवड्यात चेहरा सुजून ओळखू येत नाही, नातेवाईक घाबरतात. मग सूज उतरते आणि गाल छान दिसू लागतात. दोन-तीन महिन्यांनी ते थोडे बसतात. या टप्प्यावर रुग्ण हवालदिल होतो, आणि त्याला हे आधी कुणी सांगितलेले नसेल तर फसवणूक झाल्यासारखे वाटते. सहा महिन्यांच्या आसपास जे राहते ते आपले. कमी पडले तर दुसरी लावणी. मधल्या काळात ती जागा चोळायची नाही, दाबायची नाही, आणि बिडी-सिगारेट पूर्ण बंद, कारण तंबाखू बारीक रक्तवाहिन्या आकसवतो आणि नव्या रोपांचे पाणीच तोडतो. शेक आणि मालीश हे आपल्याकडचे हुकमी घरगुती उपाय. आजी तेलाची वाटी घेऊन पुढे सरसावली तर तिला प्रेमाने थांबवावे लागते.

एकदा रुजलेली चरबी मात्र वर्षानुवर्षे राहते, आणि राहते ती आपल्या मूळ स्वभावासकट. पोटावरून गालावर आली म्हणून ती गालाची होत नाही. माणसाचे वजन वाढले की पोटाबरोबर तो गालही फुगतो, आणि दोन्ही गालांत लावलेली नसेल तर चेहरा पुन्हा एकीकडे झुकतो. आजाराने वजन उतरले तर उलट. म्हणून अनुभवी सर्जन शस्त्रक्रियेआधीच रुग्णाला वजनकाट्यावर उभे करतात, तो आकडा कागदावर लिहून देतात आणि त्याच्या आसपास राहायला सांगतात. लग्नसराईत हे पथ्य पाळणे किती अवघड, हे त्यांनाही माहीत असते.